किल्ल्यावरचे पाणी



मी काही लेखक नाही. मुंबई महानगरपालिकेच्या जलखात्यात तेहतीस वर्षे नोकरी केली. सुरुवातीला मजूर होतो, पुढे चावीवाला झालो. चावीवाल्याचे काम आपल्या बहुतेकांना ठाऊक असेल. खांद्यावर लांब लोखंडी चावी घ्यायची, रस्त्यातले झाकण उचलायचे, व्हॉल्व्ह फिरवून गल्लीला पाणी सोडायचे आणि पाळी संपली की बंद करायचे. पहाटे चार वाजता मी व्हॉल्व्ह फिरवला की पाच-दहा मिनिटांत चाळीतून भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा. पाणी कोणी सोडले हे त्या मायमाउल्यांना ठाऊक नसे, आणि पाणी कोणाच्या घरात जाते हे मीही कधी विचारले नाही. २०१२ साली निवृत्त झालो. नायगावच्या बी.डी.डी. चाळीत लहानाचा मोठा झालेला मी, आता नातवंडांत रमलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात या नातवंडांपायी मला एक वेगळाच छंद लागला. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा भाचा नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. पोरगा हुशार, आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेला. सुट्टी मिळाली की तो तिकडचे किल्ले बघत फिरतो आणि फोनवर फोटो पाठवतो. ऱ्हाईन नावाची मोठी नदी आहे, तिच्या दोन्ही काठांवर बिंगेन ते कोब्लेंझ या पासष्ट किलोमीटरच्या पट्ट्यात चाळीसेक किल्ले आहेत म्हणे. जुन्या काळी तिथले सरदार नदीतून जाणाऱ्या गलबतांकडून जकात घेत. काही किल्ले पडके आहेत, काही पुन्हा बांधलेले आहेत. बाखाराख नावाच्या गावावरच्या किल्ल्यात तर आता शाळकरी मुलांच्या सहली मुक्कामाला असतात. सरदाराच्या दालनात पोरे पथाऱ्या टाकून झोपतात! याच ऱ्हाईन नदीवर बॉन शहर आहे, आणि तिथल्या विद्यापीठात परमपूज्य बाबासाहेबांनी लंडनच्या शिक्षणाच्या काळात नाव नोंदवले होते. भाच्याने ते विद्यापीठही मुद्दाम जाऊन पाहिले.

एकदा त्याने न्युरेंबर्गच्या किल्ल्यातल्या विहिरीचे सांगितले. अखंड खडकात खोदलेली, जवळजवळ पन्नास मीटर खोल. वाटाड्या वरून पाणी ओततो आणि सगळे गप्प उभे राहतात. काही सेकंदांनी खालून आवाज येतो. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही पाण्याचे माणूस, तुमची आठवण झाली. वेढा पडला की भिंत कितीही जाड असो, किल्ला वाचवते ती विहीर."

हे सगळे आमची नात ऐकत होती. वय वर्षे तेरा, आठवीत आहे. ती म्हणाली, "आजोबा, आपण पण किल्ले बघू या ना. मला शाळेत प्रकल्प करायचा आहे."

मी म्हणालो, "बाळ, रायगड-सिंहगडला जायला आता माझे गुडघे कुठे साथ देतात?"

"मुंबईतच आहेत की! शिवडीला आहे, शीवला आहे, धारावीत आहे, माहीमला आहे, वरळीला आहे. आणि एक तुमच्या टाकीखाली होता."

"माझ्या टाकीखाली?"

"माझगावला. तो शेवटी बघू," म्हणाली.

सत्तर वर्षे मुंबईत काढली, पण हे मला माहीत नव्हते. फोर्टात शेकडो वेळा गेलो असेन. सिद्धार्थ कॉलेज तिथेच आहे, १९४६ साली बाबासाहेबांनी उभे केलेले. पण फोर्ट म्हणजे किल्ला, एके काळी त्या भागाभोवती खरोखरचा तट होता, खंदक होता, चर्चगेट हे त्या तटाच्या दरवाजाचे नाव होते, १८६० नंतरच्या काही वर्षांत गव्हर्नर फ्रियरच्या कारकिर्दीत तो तट पाडला, हे मला नातीने पुस्तकातून वाचून दाखवले. ज्या तटाच्या आत कंपनी सरकारच्या वखारी होत्या, तिथे आज आपली पोरे पदवी घेतात. हे ऐकून बरे वाटले.

ठरले. दर रविवारी सकाळी निघायचे. आमच्या सौ. डब्यात चपाती-भाजी बांधून द्यायच्या आणि म्हणायच्या, "पाण्याची बाटली विसरू नका. जन्मभर लोकांना पाणी पाजलं, आता उन्हात स्वतः तहानेनं पडाल."

पहिला किल्ला शिवडीचा. हार्बरच्या शिवडी स्टेशनला उतरून पूर्वेला गेलो. माझे वडील, कालकथित, गोदी कामगार होते. याच बाजूला त्यांनी पाठीवर पोती वाहिली. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन कधी कधी यायचो, पण टेकडीवर काय आहे हे बघायला कधी चढलो नाही. तेव्हा सुट्टीच्या दिवशी झोप काढायची, का किल्ला बघायचा?

किल्ला काळ्या दगडाचा, फार मोठा नाही. आतला दरवाजा बाहेरच्या दरवाजाला काटकोनात ठेवलेला आहे. नात म्हणाली, शत्रूला सरळ धावत आत येता येऊ नये म्हणून. आत अंगण आहे, कमानीची दालने आहेत. इंग्रजांनी हा १६८० च्या सुमारास बांधला. १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान वीस हजार माणसे घेऊन उतरला तो याच बाजूला. त्याने आधी शिवडीचा किल्ला घेतला, मग माझगावचा, मग माहीमचा. इंग्रज आपल्या कोटात वर्षभर कोंडून पडले. शेवटी औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा जून १६९० मध्ये सिद्दी मागे गेला. पुढे या किल्ल्यात कैदी ठेवले, नंतर पोर्ट ट्रस्टची गोदामे झाली. आता तो राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे.

तटावरून खाडी दिसते. थंडीत चिखलावर रोहित पक्षी उतरतात, लांबून गुलाबी पट्टा पसरल्यासारखा दिसतो. त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू न्हावाशेव्याकडे गेलेला आहे. नात फोटो काढण्यात दंग होती. मी मात्र सवयीने पाणी शोधत होतो. एवढी माणसे वर राहत, तर पाणी कोठून आणत? कोण आणत असेल? हा उन्हाचा चढ डोक्यावर हंडे घेऊन कोण चढत असेल? आपल्याला जे राजे, गव्हर्नर, सिद्दी ठाऊक आहेत त्यांच्यापैकी तर कोणी नक्कीच नाही.

घरी परतताना मी नातीला एक गोष्ट सांगितली. ग्रँट डफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. गडावरच्या बंदोबस्ताबद्दल लिहिताना त्याने रामोशी, महार, मांग यांचाही उल्लेख केला आहे. गडाच्या घेऱ्यात, खालच्या मेटांवर यांचा पहारा. वाटा राखायच्या, शत्रूची बातमी काढायची, रात्री जागायचे. शत्रू आला तर पहिला वार त्यांच्यावर. ती म्हणाली, "म्हणजे ते किल्ल्याच्या बाहेर राहून किल्ला सांभाळायचे?" मी म्हणालो, "हो. गावात होते तसेच. गावकुसाबाहेर राहून गाव राखायचे." ही गोष्ट शिवडीची नाही, मराठ्यांच्या डोंगरी किल्ल्यांची आहे. पण तिने ती वहीत लिहून घेतली.

दुसऱ्या रविवारी शीव आणि धारावी. शीवचा किल्ला स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर, टेकडीवर. पायथ्याला बाग आहे, पुरातत्त्व खात्याची कचेरी आहे. गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान तो बांधला. तेव्हा मुंबई म्हणजे सात बेटे. शीवपर्यंत इंग्रजांचे राज्य आणि खाडीपलीकडे साष्टीत पोर्तुगीजांचे. म्हणजे आज आपण शीवहून कुर्ल्याला सहज लोकलने जातो, तिथे एक देश संपून दुसरा सुरू व्हायचा! मी वर चढेपर्यंत तीन वेळा बसलो. नात पुढे जाऊन वरून हाका मारायची, "आजोबा, सिद्दी आला, लवकर या!"

तिथून बसने काळा किल्ला. धारावीला बेस्टचे आगार आहे ते याच नावाचे. कंडक्टरच्या तोंडून "काळा किल्ला, काळा किल्ला" किती वर्षे ऐकले, पण खरेच तिथे किल्ला असेल असे कधी मनात आले नाही. आगाराच्या जवळ, वस्तीला लागून, मिठी नदीच्या काठी एक काळा बुरूज उभा आहे. त्याला दरवाजाच नाही. शिडी लावून भिंतीवरून आत जायचे. आम्ही बाहेरूनच पाहिला. भिंतीत इंग्रजी अक्षरांचा दगड आहे. नातीने वाचून अर्थ सांगितला की गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमाने हा १७३७ साली बांधला. त्याच वर्षी मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून साष्टी घेतली होती, म्हणजे इंग्रजांना धडकी भरलेली असणार. नदीपलीकडे कोण येते ते पाहायला हा पहारा.

नातीने विचारले, "हुकूम देणाऱ्याचे नाव आहे. दगड रचणाऱ्यांची नावे कुठे आहेत?"

मी म्हणालो, "तू शिकून मोठी हो आणि शोधून काढ."

शेजारच्या झोपडीतल्या एका बाईने आम्हांला प्यायला पाणी दिले. आमची जातपात विचारली नाही, आम्हीही तिची विचारली नाही. स्टीलचा तांब्या, वर झाकण, तांब्यावर पेला. मी तिला सांगितले की मी जलखात्यातला. तर ती म्हणाली, "मग साहेब, आमचं पाणी जरा जास्त वेळ सोडा की!" मी निवृत्त झालो, हे तिला समजावून सांगताना पुरेवाट झाली.

तिसऱ्या रविवारी माहीम आणि वरळी. माहीमचा किल्ला खाडीच्या तोंडाशी, समुद्राला लागून. कित्येक वर्षे या किल्ल्याच्या आत झोपड्यांची वस्ती होती. ज्यांना शहरात कोठेच जागा मिळाली नाही त्यांनी पडक्या तटाच्या आडोशाला संसार मांडले. अलीकडे, २०२२-२३ च्या सुमारास, महापालिकेने अडीचशेवर झोपड्या हटवून त्या कुटुंबांना दुसरीकडे घरे दिली. किल्ला मोकळा झाला हे चांगलेच. पण तिथे उभा राहून मला त्या पोरांची आठवण झाली, जी किल्ल्यात जन्मली आणि ज्यांना हा किल्ला आहे हे सांगायला कोणी आले नसेल. त्यांचे ते घर होते, एवढेच त्यांना ठाऊक.

वरळीचा किल्ला कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्यांतून जाऊन गाठावा लागतो. मासळी वाळत घातलेली, जाळी विणत बसलेली माणसे. किल्ला लहान आहे, १६७५ च्या सुमाराचा. पलीकडे सागरी सेतू दिसतो. आणि या किल्ल्यात विहीर आहे. तीन रविवार मी जे शोधत होतो ते इथे सापडले. समुद्र तीन बाजूंनी आणि मध्ये विहीर! मी काठाशी उभा राहून खाली पाहत राहिलो.

नातीने विचारले, "आजोबा, एवढे काय बघता?"

तेव्हा मी तिला माझ्या बाची गोष्ट सांगितली. आमचे मूळ गाव कोकणात. बा लहान असताना आजीबरोबर विहिरीवर जायचा. विहिरीवर म्हणजे विहिरीपासून लांब. तिथे मडके ठेवून बसायचे. कोणा वरच्या जातीच्या माणसाला दया आली तर तो पोहरा ओढून वरून धार धरायचा. कधी तास, कधी दोन तास. बा म्हणायचा, "पानी दिसायचं रं, पन हात लावायचा न्हाय. आय म्हनायची, गिळ आवंढा." हीच तहान घेऊन तो मुंबईला आला. मला जलखात्यात नोकरी लागली त्या दिवशी बाने पेढे नाही वाटले. चाळीच्या नळाखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायला आणि डोळे पुसले. मला तेव्हा त्याचे हसू आले होते. आज मला त्या हसण्याची लाज वाटते.

नात गप्प झाली. मग मी तिला दौलताबादचे सांगितले. वाचक हो, चवदार तळ्याचा संग्राम आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण किल्ल्याचे नि पाण्याचे हे प्रकरण पुष्कळांच्या वाचनात नसेल. बाबासाहेबांनी आपले काही अनुभव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने लिहून ठेवले, त्यात हे आहे. १९३४ साल. चळवळीतले सुमारे तीस कार्यकर्ते बाबासाहेबांबरोबर सहलीला निघाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती. काही बस आणि मोटारी. नाशिकहून येवला, येवल्याहून औरंगाबादच्या वाटेला. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक हौद, भोवती दगडी फरसबंदी. प्रवासात सगळे धुळीने माखलेले. कोणालाही वाटेल ते यांनाही वाटले. काहींनी तोंड, हातपाय धुतले आणि सगळे दरवाजाशी गेले.

तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. पाहता पाहता जमाव जमला. शिव्यांचा भडिमार सुरू झाला. बाबासाहेब सांगत होते की आम्ही बाहेरगावचे, इथली रीत आम्हांला ठाऊक नाही. पण कोणी ऐकेना. शेवटी त्यांनी जमावाला विचारले की तुमचा धर्म हेच शिकवतो काय? आणि यातला कोणी उद्या मुसलमान झाला, तर त्याला तुम्ही पाण्याला हात लावू देणार नाही काय? तेव्हा कोठे जमाव गप्प झाला. मग आत जायची परवानगी मिळाली. पण एका अटीवर. किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि ती अट मोडू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला.

बाबासाहेबांनी हे एका धर्माला दोष देण्यासाठी लिहिले नाही. हिंदूला जो अस्पृश्य तो इतरांनाही अस्पृश्यच, ही जातीची भिंत सगळ्या भिंती ओलांडून गेली होती, हे त्यांना जगाला दाखवायचे होते. आणि तो प्रसंग ते तिथेच संपवतात. पुढे किल्ल्यात काय पाहिले, हे लिहीत नाहीत.

हे सांगताना माझ्या घशाशी आवंढा आला, त्याचे कारण वेगळे होते. १९९६ साली आम्ही चाळीतली मंडळी बस करून वेरूळ-अजिंठ्याला गेलो होतो. दौलताबादही पाहिला. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी इथे आणली, हे गाईडने सांगितले. खडक तासून केलेला खंदक दाखवला, अंधारी वाट दाखवली, मेंढा तोफेशी आम्ही फोटो काढले. आत हत्ती हौद नावाचे मोठे पाण्याचे टाके आहे, त्याच्या काठावर बसून आम्ही डबे खाल्ले, नळावर तोंडे धुतली, हसलो, खिदळलो. बाबासाहेब याच दरवाजात अडवले गेले होते, हे त्या बसमधल्या पन्नास माणसांत एकालाही ठाऊक नव्हते. गाईडने सांगितले नाही, त्याला दोष नाही. आपल्याला ठाऊक असायला हवे होते. मी ते वाचले पुढे कितीतरी वर्षांनी. ज्या पाण्यावर त्यांच्यासाठी शिपाई उभा केला त्या पाण्याशी आम्ही बिनघोर बसलो, हा त्यांनी मिळवून दिलेला हक्क खरा. पण तो कोणी मिळवून दिला हे न आठवता बसलो.

नात बराच वेळ विहिरीकडे बघत होती. मग म्हणाली, "मी असते तर परत फिरले असते. अशी अट घालतात तर नको तुमचा किल्ला."

मला लगेच उत्तर सुचले नाही. कोळीवाड्यातून परत चालताना मी म्हणालो, "तू म्हणतेस तेही बरोबर. पण बाळ, ते परत फिरले असते तर त्या लोकांना तेच हवे होते. आणि बघ, ते आत गेले, घरी आले, आणि लिहून ठेवले. म्हणून आज नव्वद वर्षांनी तुला राग आला." ती काही बोलली नाही. तिला ते पटले की नाही, मला अजून कळलेले नाही.

चौथा रविवार माझगावचा. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरलो. ही माझी रोजची वाट होती. समोरच भंडारवाडा टेकडी, तिच्यावर कामगार चळवळीचे पुढारी जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या नावाची बाग, आणि बागेखाली महापालिकेचा जलाशय. दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाला इथून पाणी जाते. माझ्या चावीचे पाणी इथलेच. तानसा, वैतरणा अशा शंभर किलोमीटरपर्यंत लांबच्या तलावांतले पाणी नळांतून शहरात येते, या टाकीत साठते आणि उतारावरून खाली घरोघर जाते.

नात एखाद्या गाईडसारखी उभी राहिली. म्हणाली, "इथे माझगावचा किल्ला होता. १६८० च्या सुमारास बांधला. सिद्दी याकूतखान १६९० साली जाताना उद्ध्वस्त करून गेला. आता एक दगडही दिसत नाही."

मी त्या बागेतल्या बाकावर बसलो. खाली गोदी, जहाजे, माझ्या बाने जिथे पोती वाहिली तो भाग. तेहतीस वर्षे मी इथे आलो-गेलो आणि माझ्या पायाखाली किल्ला होता हे मला ठाऊक नव्हते. पण एक गोष्ट मला तिथे बसल्याबसल्या कळली, ती पुस्तकात नव्हती. मी नातीला म्हणालो, "किल्ला बांधणाऱ्याने ही टेकडी का निवडली? शत्रू लांबून दिसावा म्हणून. टाकी बांधणाऱ्याने हीच टेकडी का निवडली? पाणी वरून आपोआप खाली जावे म्हणून. उंची तीच, पण एकाने ती लोकांना बाहेर ठेवायला वापरली आणि दुसऱ्याने लोकांना द्यायला."

"आणि चावी तुमच्याकडे होती," ती म्हणाली.

होय, चावी माझ्याकडे होती. ज्याच्या बापाला विहिरीपासून लांब बसावे लागले, त्याच्या हातात मुंबईच्या पाण्याची चावी होती. डोंगरीच्या मुसलमानाला, माझगावच्या ख्रिस्ती माणसाला, भायखळ्याच्या मराठ्याला, गिरण्यांतल्या आपल्या माणसाला, सगळ्यांना एकाच व्हॉल्व्हमधून. पाणी बाटले म्हणून एकाही घराने नळ बंद केला नाही. हे मी केले असे म्हणत नाही. हे कोणामुळे झाले ते आपण सगळे जाणतो. पण नोकरीत असताना मला ही नुसती नोकरी वाटायची. कधी थंडीत उठताना शिव्याही घातल्या असतील. आपण काय करत होतो ते त्या बाकावर बसल्यावर कळले.

नातीने प्रकल्पासाठी मुंबईचा नकाशा काढला. प्रत्येक किल्ल्याला काळा चौकोन आणि पाण्याच्या जागेला निळा ठिपका. वरळीला निळा ठिपका आहे. धारावीच्या किल्ल्यात पाण्याची जागा तिला सापडली नाही, म्हणून त्या बाईच्या तांब्यासाठी तिने एक छोटासा ठिपका काढला. माझगावला चौकोन काढलाच नाही, मोठा निळा ठिपका काढला आणि शेजारी लिहिले, "येथे किल्ला होता. आता पाणी आहे." दौलताबाद मुंबईत नाही, म्हणून ते शेवटच्या पानावर वेगळे लिहिले, साल घालून.

वाचक बंधुभगिनींनो, किल्ले पाहणे हा श्रीमंतांचा शौक नाही. जर्मनीचे तिकीट आपल्याला परवडणार नाही, पण शिवडीचे, शीवचे, डॉकयार्ड रोडचे लोकलचे तिकीट परवडते. उन्हे चढण्याआधी निघा, मुलांना बरोबर न्या, घरातल्या म्हाताऱ्यांनाही न्या. तट-बुरूज जरूर बघा. कोणी बांधला, कोणी जिंकला, हेही मुलांना सांगा. पण त्याबरोबर एक प्रश्न मुलांना विचारायला शिकवा, इथले पाणी कुठे होते, ते कोण वाहत होते, आणि कोणाला पिऊ देत नव्हते? हा प्रश्न विचारला की पडका किल्लाही बोलायला लागतो.

आणि घरून निघताना पाण्याची बाटली घ्या. एक जास्तीची घ्या. वाटेत कोणी तहानलेले भेटले तर उपयोगी पडेल.

जय भीम.